विमान अपघात आणि त्यांची कारणं : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळावर विमान उतरायला लागल्यापासून सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडातून हे प्रश्न येत राहिले आहेत. अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर तर त्यांचा ओघच लागला. कुणाचा मुलगा दुबईला आहे, कुणाचा भाऊ बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, कुणी गणपतीला पहिल्यांदाच विमानाने गावी यायचं म्हणतंय. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोकण किनाऱ्यावर विमान अपघात झालेत तरी का? आम्हाला तर एकही आठवत नाही.

झालेत, आणि मोठे झालेत. फक्त ते मुंबईच्या नावावर जमा असल्यामुळे आपल्याला आपले वाटत नाहीत. २८ जुलै १९६३ ला युनायटेड अरब एअरलाइन्सचं कॉमेट विमान मढ बेटापलीकडे समुद्रात कोसळलं. ६३ जण गेले. १२ ऑक्टोबर १९७६ ला मद्रासला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल इंजिनाला आग लागून सांताक्रूझला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर, परत येताना पडलं. विमानातले सगळे ९५ जण गेले. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं जंबो (बोइंग ७४७) बांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं, त्यात २१३ जण गेले (प्रश्न ५). जून १९८२ मध्ये भर पावसात मुंबईला उतरताना एअर इंडियाचं बोइंग ७०७ मोडलं. १११ पैकी १७ जण दगावले. जून २०१८ मध्ये घाटकोपरच्या वस्तीत चाचणीसाठी उडालेलं छोटं विमान पडून पाच जणांचा जीव गेला, त्यातला एक रस्त्याने जाणारा माणूस होता.

दक्षिणेकडे आलात तर मार्च २०१८ मध्ये मुरुडजवळ नांदगावला तटरक्षक दलाचं चेतक हेलिकॉप्टर कोसळलं आणि जखमी सहवैमानिक महिला अधिकाऱ्याचा पुढे मृत्यू झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोव्यात वेर्ण्याच्या पठारावर नौदलाचं मिग-२९के पडलं. बॉम्बे हायची हेलिकॉप्टरं प्रश्न १४ मध्ये घेतली आहेत.

२. विमान पडतं ते नेमकं कशामुळे? एक कारण सांगा.

एक कारण सांगता येत नाही. यंत्र बिघडतं, हवामान बिघडतं, माणूस चुकतो, जमिनीवरची व्यवस्था कमी पडते, आणि मोठ्या अपघातात यातलं दोन-तीन एकाच वेळी घडलेलं असतं. निखळ यांत्रिक म्हणावा असा आपल्याकडचा अपघात १९७६ च्या कॅराव्हेलचा. इंजिनातल्या कॉम्प्रेसरची एक चकती धातू थकून फुटली. तिच्या तुकड्यांनी इंधनाच्या नळ्या तोडल्या, आग भडकली, आगीत विमान वळवणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक तेल गेलं आणि धावपट्टी समोर दिसत असताना विमान वैमानिकाच्या हातात राहिलं नाही.

पण असे अपघात कमी. भारतातल्या गेल्या पन्नास वर्षांच्या नोंदी वाचल्या तर जास्त संख्या दिसते ती उतरतानाच्या अपघातांची. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी विमान व्यवस्थित चालू होतं, आणि न उतरता वर निघून जाण्याची संधीही होती. हे पान लिहिण्यामागचं माझं मुख्य म्हणणं तेच आहे. ते प्रश्न ८ आणि ९ मध्ये सविस्तर आहे.

३. चौकशी कोण करतं? सरकारच आपल्या माणसांना पाठीशी घालत नाही का?

२०१२ पूर्वी ही कामं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, किंवा सरकारने नेमलेलं चौकशी न्यायालय करायचं. अडचण उघड होती. नियम करणारा, परवाना देणारा आणि चूक शोधणारा एकच. २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्युरो (एएआयबी) वेगळा झाला. तोही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखालीच येतो, त्यामुळे शंका पूर्ण मिटत नाही, आणि ती विचारत राहणं मला योग्यच वाटतं. मात्र आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे विमान जिथे बनलं, इंजिन जिथे बनलं, त्या देशांचे प्रतिनिधीही तपासात बसतात. त्यामुळे सगळंच दाबून टाकणं सोपं नसतं.

या तपासाचा हेतू पुन्हा तसं घडू नये हा असतो. शिक्षा कुणाला करायची हे पोलीस आणि न्यायालय बघतं. प्राथमिक अहवाल साधारण ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यावा अशी अपेक्षा आहे. प्राथमिक अहवालात काय काय घडलं ते असतं. ते का घडलं याचं उत्तर अंतिम अहवालात शोधायचं.

४. ब्लॅक बॉक्स समुद्रात पडला तर सापडतो कसा?

तो नारिंगी असतो, शोधायला सोपं जावं म्हणून. आत दोन नोंदी असतात : कॉकपिटमधले आवाज, आणि वेग, उंची, इंजिन, सुकाणू वगैरेंची शेकडो मापं. पाणी लागलं की त्याला जोडलेलं यंत्र सेकंदाला एक असे ध्वनिसंकेत सोडू लागतं. पूर्वी त्याची बॅटरी ३० दिवस टिकेल अशी असायची, आता ९० दिवसांची लावतात. आपल्या किनाऱ्याजवळ समुद्र उथळ आहे, त्यामुळे खोलीपेक्षा गढूळ पाणी आणि भरती-ओहोटीची ओढच पाणबुड्यांना जास्त नडते.

५. बांद्र्याच्या समुद्रात पडलेलं ‘एम्परर अशोक’ चांगलं चालतं होतं, वैमानिक अनुभवी होता, हवाही साफ होती. मग झालं काय?

वडीलधारी माणसं हा प्रश्न अजून विचारतात, कारण त्या रात्रीची बातमी त्यांनी ऐकलेली आहे. ‘एम्परर अशोक’ हे एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७. नव्या वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी ते दुबईला निघालं. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी समुद्राकडे तोंड करून आहे. विमानाने जमीन सोडली, किनारा ओलांडला आणि समोर काळोख आला. खाली काळं पाणी, वर काळं आकाश, आणि दोन्ही जिथे मिळतात ती रेघ नाहीशी. रात्री खोल दर्यात होडी नेणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

अशा वेळी विमान सरळ आहे की कललंय हे शरीराला कळत नाही. कानातला तोल खोटं बोलतो. म्हणून कॉकपिटमध्ये कृत्रिम क्षितिज दाखवणारं यंत्र असतं. कॅप्टनने ठरल्याप्रमाणे उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि विमान पुन्हा सरळ केलं. त्याच्या पुढ्यातलं यंत्र मात्र अडकलं होतं. विमान अजून उजवीकडेच कललंय असं ते दाखवत राहिलं. ते सुधारायला त्याने विमान डावीकडे झुकवलं. यंत्र तरीही उजवीकडेच दाखवत होतं, म्हणून आणखी डावीकडे. फ्लाइट इंजिनिअरला विसंगती जाणवली, त्याने त्या यंत्रावर जाऊ नका असं सांगितलंही. तोवर विमान उलटं होण्याच्या बेतात होतं. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत ते पाण्यात शिरलं.

हे घातपाताचं काम असावं असा संशय सुरुवातीला होता, तो तपासात टिकला नाही. यंत्र बनवणाऱ्या आणि विमान बनवणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत दावे झाले. १९८५ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपन्यांच्या निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला. कॉकपिटमध्ये असं दुसरं यंत्रही होतं आणि तिसरं राखीवही. तिन्हींची तुलना करायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद त्यांना मिळाले नाहीत.

६. म्हणजे शेवटी ‘पायलटची चूक’ म्हणून सगळे मोकळे होतात, असंच ना?

बातम्यांत तसं होतं, चांगल्या अहवालात होत नाही. बांद्र्याचंच घ्या. कॅप्टन चुकला हे खरं, पण तो चुकला ते यंत्र खोटं बोललं म्हणून, आणि ते पकडायला बाहेर क्षितिज नव्हतं म्हणून. गेलेला माणूस बाजू मांडायला येत नाही, त्यामुळे सगळा भार त्याच्यावर टाकणं सोपं पडतं. कुठलाही अहवाल वाचताना मी आधी ‘सहाय्यक कारणं’ हा भाग काढतो. बहुतेक वेळा शिकण्यासारखं तिथेच असतं (मंगळुरूचं उदाहरण प्रश्न ८ मध्ये).

७. टेबलटॉप धावपट्टी म्हणजे काय? आपलं चिपी टेबलटॉप आहे का?

डोंगराचा किंवा पठाराचा माथा सपाट करून बांधलेली आणि टोकांना जमीन एकदम खाली जाणारी ती टेबलटॉप. मंगळुरू आणि कोझिकोड ही आपल्या किनाऱ्यावरची दोन प्रसिद्ध नावं. चिपी परुळ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, गोव्याचं मोपाही पठारावरच. कोकणात विमानतळाला लागेल एवढी सपाट जागा सड्यावरच मिळते. खाली सगळी भातशेती, खाड्या आणि वस्ती.

नाव काय द्यायचं यापेक्षा धावपट्टी संपल्यावर पुढे किती मोकळी जागा आहे हे बघावं. त्या जागेला सुरक्षा क्षेत्र म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांत ते किमान ९० मीटर सांगितलंय आणि शिफारस २४० मीटरची आहे. जिथे तेवढी जागा नाही तिथे चाकाखाली चुरा होऊन विमानाला रोखणाऱ्या खास ठोकळ्यांचा थर घालता येतो.

लांबीचं म्हणाल तर चिपीची धावपट्टी २,५०० मीटर आहे, मंगळुरूच्या धावपट्टीहून किंचित जास्तच. चिपीला प्रामुख्याने उतरणाऱ्या एटीआर-७२ या पंख्यांच्या छोट्या विमानाला साधारण १,३०० मीटर पुरतात, म्हणजे हाताशी बरीच धावपट्टी उरते. त्यामुळे ‘सड्यावर आहे म्हणजे धोक्याचं’ असं सरसकट म्हणणं मला पटत नाही.

८. मंगळुरू आणि कोझिकोड, दोन्ही विमानं दुबईहून आलेली, दोन्ही धावपट्टीच्या पुढे जाऊन पडली. अपघात एकच का?

वरून सारखे दिसतात. शेवट सारखा आहे, सुरुवात नाही.

मंगळुरू, २२ मे २०१० ची पहाट. हवा उत्तम, पाऊस नाही. विमानात १६६ जण, वाचले आठ. आवाजाच्या दोन तासांच्या नोंदीत पहिला दीड-पावणेदोन तास कॉकपिटमध्ये संभाषण नाही, घोरण्याचा आवाज आहे. कॅप्टन झोपेतून उठून थेट उतरवायच्या कामाला लागला, आणि गाढ झोपेतून उठल्यावर डोकं काही काळ मंद चालतं. त्यात मंगळुरूचं रडार बंद होतं, त्यामुळे विमानाला खाली यायला उशिरा परवानगी मिळाली आणि ते हवं त्यापेक्षा फार उंच राहिलं. सहवैमानिकाने तीनदा सांगितलं की परत वर जाऊ. ऐकलं गेलं नाही. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली ती ५,२०० फूट संपल्यावर. ब्रेक लागले, वेग रोखणारा इंजिनांचा उलटा झोतही सुरू झाला, आणि मग कॅप्टनने पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. इंजिनं उलट्या झोतावर घेतल्यानंतर पुन्हा उडायचं नसतं. थांबण्याचाच प्रयत्न करायचा असतो. पुढे अँटेनाच्या काँक्रीटच्या बांधकामाला पंख आदळला आणि विमान दरीत गेलं. नुसता धावपट्टीबाहेर जाऊन थांबण्याचा अपघात झाला असता तर कितीतरी जण वाचले असते.

कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०. इथे कॅप्टन जागा होता, पण रात्र होती, धो धो पाऊस होता, काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता. पहिला प्रयत्न सोडून विमान वर गेलं, हे बरोबरच केलं. दुसऱ्या वेळी उलट बाजूने उतरताना वारा मागून होता. मागचा वारा विमानाला पुढे ढकलतो, ओल्या धावपट्टीवर ब्रेकही कमी पकडतात. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान जवळपास मध्यावर टेकलं. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’, म्हणजे न उतरता परत वर जाऊ, असं म्हटलं होतं. १९० पैकी २१ जण गेले, दोन्ही वैमानिक त्यांत होते.

दोन्ही अहवालांत शेजारच्या खुर्चीतला तरुण माणूस बरोबर बोलला होता. त्याच्या शब्दाला कॉकपिटमध्ये किती वजन आहे, हा मला या दोन्ही अपघातांतला सगळ्यात गंभीर प्रश्न वाटतो. वरिष्ठाने ऐकलं नाही तर विमान हातात घेण्याचा अधिकार सहवैमानिकाला कागदावर असतो. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे घरापासून शिकवतात. कागदावरचा अधिकार प्रत्यक्षात वापरला जावा म्हणून सरावावर भर द्यावा लागतो.

९. आमचं विमान सड्यावर येऊन दोन घिरट्या घालून परत गेलं. खाली सगळं दिसत होतं! पायलटला जमलं नाही का?

पावसाळ्यात आणि गणपतीच्या तोंडावर सर्वात जास्त येणारा प्रश्न हा. सामान घेऊन विमानात बसलेल्या, घरी पाटावर गणपती आणायचा राहिलेल्या माणसाची चिडचिड समजते.

तुमच्या खिडकीतून सरळ खाली जमीन दिसते. वैमानिकाला समोर, तिरकी, काही किलोमीटर अंतरावरची धावपट्टी दिसावी लागते. ठरलेल्या किमान उंचीला ती दिसली नाही तर उतरायचं नाही, हा नियम आहे. दिसली पण विमान जास्त उंच आहे, जास्त वेगात आहे, मागून वारा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, तरीही नाही. विमानात पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं इंधन याचसाठी जादा भरलेलं असतं.

ऑक्टोबर १९८८ मध्ये अहमदाबादला धुरकट सकाळी हा नियम पाळला गेला नाही. धावपट्टी दिसत नसताना विमान खाली येत राहिलं, १३५ पैकी १३३ जण गेले. तेव्हा वर निघून गेलं असतं तर प्रवासी चिडले असते, एवढंच.

विमान कंपन्यांवर आणि वैमानिकांवर वेळेचा दबाव आधीच असतो. खालून आमदार-खासदारांपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळ्यांनी ‘विमान उतरलं नाही, नामुष्की’ असं लिहायला सुरुवात केली की त्यात भर पडते. परत गेलेल्या वैमानिकाने त्या दिवशी आपलं काम चोख केलेलं असतं. विमानतळावर उपकरणांची चांगली सोय करा, धुक्या-पावसात उतरता येईल अशी यंत्रणा बसवा, ही मागणी मात्र जोरात करावी. राग काढायचा तर तिथे.

१०. पावसाळ्यात कोकणात विमानाने यावंच की नाही?

यावं. जोराच्या सरीत विमान थांबवून ठेवतात किंवा वळवतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. १९६३ चं कॉमेट वादळी पावसात वळण घेताना ताब्यातून सुटलं. आताच्या विमानांच्या नाकात हवामानाचं रडार असतं, ढगातली खळबळ आधी दिसते. १९८२ च्या मुंबईच्या अपघातात पाऊस होता, पण ठपका आला तो उंचीचं भान सुटून इंजिनांची ताकद लवकर कमी केल्यावर.

११. सह्याद्रीवर विमान आपटण्याची भीती असते का?

आपटलेलं आहे. ७ जुलै १९६२ ला अलितालियाचं डीसी-८ मुंबईला उतरायला येत असताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं, ९४ जण गेले. पावसाळ्यातली रात्र होती. आपण मुंबईच्या आणखी जवळ आलो आहोत अशा समजुतीने विमान लवकर खाली आणलं गेलं. पलीकडून येणाऱ्या विमानाला घाटमाथा ओलांडल्यावरच कोकणाच्या पातळीला उतरता येतं, आणि तो ओलांडायच्या आधीच ते खाली आलं होतं. आज प्रवासी विमानांत जगाच्या भूभागाचा नकाशा भरलेली यंत्रणा असते. डोंगर समोर आला की ती ओरडून सांगते. या प्रकारचे अपघात तिच्यामुळे फार कमी झाले आहेत.

१२. सुकी मासळी आणि कचऱ्यावर विमानतळवाले हरकत घेतात. एवढ्याशा पक्ष्याने काय होतं?

वेर्ण्याला २०१९ मध्ये पडलेलं मिग-२९के पक्ष्यांच्या थव्यामुळेच पडलं होतं. दोन्ही वैमानिक बाहेर फेकले जाऊन वाचले आणि विमान वस्तीवर पडलं नाही, हे नशीब. घार वजनाने फार नसते, पण विमानाच्या वेगाने ती इंजिनात गेली की पाती वाकतात.

विमान नियम १९३७ मधला नियम ९१ विमानतळाच्या १० किलोमीटरच्या परिसरात पक्ष्यांना खेचणारा कचरा आणि जनावरांचे अवशेष उघड्यावर टाकायला मनाई करतो. मासळी वाळवणं हा आपल्या बायकांचा पोटाचा धंदा आहे, तो बंद करा असं कुणी म्हणू नये. मासळी साफ केल्यावर उरलेली घाण रोज उचलून पुरली, ओट्यांवर जाळी घातली, तर प्रश्न बराच सुटतो. ती सोय करून देणं ग्रामपंचायतीचं आणि विमानतळाचं काम आहे. सड्यावर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यावर टिटव्या आणि बगळे येतात, तिकडेही लक्ष हवं.

१३. धावपट्टीच्या टोकाशी आमची वहिवाटीची वाट आहे. ती का अडवतात?

औरंगाबादमुळे. २६ एप्रिल १९९३ ला तिथून उडालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ पुरेसं वर उचललं गेलं नाही. धावपट्टीच्या पुढे बीडचा रस्ता होता आणि त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक चालला होता. विमानाची चाकं ट्रकला लागली; ११८ पैकी ५५ जण गेले. वैमानिकाने नाक उचलायला उशीर केला हे एक कारण, आणि विमान उडताना रस्त्यावरची वाहतूक थांबवलेली नव्हती हे दुसरं. वाट बंद करताना पर्यायी रस्ता द्यायलाच हवा, त्यासाठी जरूर भांडा. जुनी वाट विमानाच्या वाटेत असू नये, एवढं मात्र मान्य करावं लागेल.

१४. भाऊ बॉम्बे हायवर हेलिकॉप्टरने जातो. हेलिकॉप्टर विमानापेक्षा जास्त धोक्याचं का?

काळजी अगदीच निराधार नाही. ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईपलीकडे कर्मचाऱ्यांना नेणारं एमआय-१७२ समुद्रात पडलं, २७ जण गेले. १३ जानेवारी २०१८ ला पवनहंस या हेलिकॉप्टर कंपनीचं डॉफिन पडलं, ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन्ही वैमानिक गेले. २८ जून २०२२ ला ‘सागर किरण’ रिगजवळ पवनहंसचं सिकोर्स्की पाण्यात उतरलं. नऊपैकी चार जण दगावले, पाच वाचले.

हेलिकॉप्टरचं वजन वर असतं, इंजिन आणि पाती माथ्यावर. म्हणून पाण्यात पडल्यावर ते उलटतं. दरवाजा कुठे होता ते उलट्या, काळोख्या, भरत्या पाण्यात कळत नाही. त्यासाठीच समुद्रात जाणाऱ्यांना बुडत्या सांगाड्यातून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण देतात : पट्टा सोडायच्या आधी एका हाताने खिडकीची कड धरून ठेवायची, हालचाल थांबेपर्यंत थांबायचं, मग त्या कडेच्या आधाराने बाहेर. भावाला सांगा, हे प्रशिक्षण उरकायचं म्हणून करू नको, आणि बसल्याबरोबर रोज जवळच्या खिडकीवर हात ठेवून बघ.

जमिनीवर उतरताना वेगळा धोका. प्रचारासाठी शेतात, मैदानात तात्पुरते हेलिपॅड करतात. धूळ उडाली की वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. महाडला मे २०२४ मध्ये नेत्याला न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच कोसळलं. जीवितहानी झाली नाही. अशा वेळी बघ्यांची गर्दी पुढे नसणं हीच मोठी खबरदारी.

१५. दोन विमानं हवेत एकमेकांवर आदळू शकतात का?

आदळली आहेत. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं जंबो आणि कझाकस्तानचं इल्युशिन आदळून दोन्हींतले सगळे ३४९ जण गेले. एकाला १४,००० फूट आणि दुसऱ्याला १५,००० फूट उंची दिली होती. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आलं. इंग्रजीतल्या सूचना समजण्यातला घोळ चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने नोंदवला. नंतर भारतात समोरचं विमान ओळखून वैमानिकाला वर जा की खाली जा हे सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली.

१६. अहमदाबादला नेमकं काय झालं? स्विच कुणी बंद केला?

१२ जून २०२५ ला लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ उड्डाणानंतर काही सेकंदांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. विमानातल्या २४२ पैकी एकच जण वाचला. जमिनीवरचे १९ धरून एकूण २६० जण गेले. जुलै २०२५ च्या प्राथमिक अहवालानुसार दोन्ही इंजिनांना इंधन देणारे स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की बंद का केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. मग दोन्ही पुन्हा चालू केले गेले, पण उंची तेवढी नव्हती.

स्विच तसे का गेले, हे त्या अहवालाने सांगितलेलं नाही. प्राथमिक अहवाल काय असतो ते प्रश्न ३ मध्ये आहे. तरी कॉकपिटमधल्या एकाचं नाव घेऊन व्हिडिओ फिरवले गेले. त्या विमानातले लोक आपल्या जिल्ह्यांतलेही होते. त्यांच्या घरी अजून दुखवटा आहे, याचं भान ठेवून तरी असले व्हिडिओ पुढे पाठवू नयेत.

१७. कनिष्क आणि होमी भाभांचं विमान अपघातात मोजायचं का?

एअर इंडियाचं कनिष्क विमान नाही. २३ जून १९८५ ला आयर्लंडजवळ अटलांटिकवर बॉम्बस्फोटाने ते पाडलं गेलं, ३२९ जण गेले. तो हत्याकांडाचा गुन्हा आहे. भाभांचं विमान २४ जानेवारी १९६६ ला आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं, त्यात ११७ जण गेले. तपासाचा निष्कर्ष होता की विमान पर्वताच्या कुठल्या बाजूला आहे याबद्दल गैरसमज झाला. घातपाताच्या कथा खूप आहेत, पुरावा पुढे आलेला नाही.

१८. वैमानिक चुकून भलत्याच विमानतळावर उतरतात हे खरं?

खरं, आणि आपल्याच किनाऱ्यावर घडलंय. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. धावपट्टी छोटी, विमान टोकापलीकडे गेलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. त्याआधी १९५३ मध्ये ब्रिटिश कॉमेटही असंच जुहूला उतरलं होतं.

१९. वैमानिक दमतात, झोपतात, त्यावर नियम नाही का?

आहेत. मंगळुरूनंतर कामाचे तास आणि विश्रांतीचे नियम कडक झाले. अलीकडच्या बदलांत आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा आली. २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये हे दोन टप्प्यांत लागू झालं. डिसेंबरमध्ये वैमानिक कमी पडून उड्डाणं रद्द झाली तेव्हा काही सवलती दिल्या गेल्या. प्रवाशांची गैरसोय झाली हे खरं, पण विश्रांतीच्या नियमात सूट देणं मला बरोबर वाटत नाही.

२०. कुठली सीट सगळ्यात सुरक्षित?

तशी सीट नाही. अहमदाबादला वाचलेला प्रवासी ११ए वर होता म्हणून त्या सीटची मागणी वाढली, त्याला अर्थ नाही. शेजारच्या सीटवरचे गेले. मंगळुरूत वाचलेले बहुतेक सांगाड्याला पडलेल्या भेगांतून बाहेर पडले. तुमच्या हातात आहे ते एवढंच : पट्टा बांधून ठेवा, पुढचं-मागचं दार किती रांगांवर आहे ते मोजा, आणि बाहेर पडायची वेळ आली तर बॅग सोडा. निम्मे दरवाजे बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडतील, या हिशोबावर विमानाला मान्यता मिळते. त्या हिशोबात बॅगा नसतात.

२१. नुकसानभरपाईत चिपी-मुंबई-दुबई प्रवास देशातला धरतात की परदेशातला?

तिकिटावर ठरतं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर चिपी-मुंबई हा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग. मग भरपाईचा आंतरराष्ट्रीय माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ पासून आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत कंपनीला ‘आमची चूक नव्हती’ म्हणून हात वर करता येत नाहीत. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर पहिल्या टप्प्याला देशांतर्गत नियम आणि वेगळी मर्यादा. कराराखालचा दावा दोन वर्षांत लावावा लागतो, म्हणून तिकिटाची प्रत घरी कुणाकडे तरी ठेवून निघा. सुरुवातीला मिळणारी तातडीची रक्कम म्हणजे अंतिम भरपाई नव्हे. ‘सर्व हक्क सोडत आहे’ असा मजकूर असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

२२. जाळ्यात विमानाचा किंवा हेलिकॉप्टरचा तुकडा आला तर काय करायचं?

माणूस अडकला असेल तर आधी त्याला सोडवा, त्यासाठी काहीही कापा, हलवा. ते कायद्यालाही मान्य आहे. बाकी भग्नावशेष तपास यंत्रणेच्या परवानगीशिवाय हलवायचे नसतात. जाळ्यातून आधीच वर आलेला तुकडा भंगारात देऊ नका, घासू-धुऊ नका. जागेचं जीपीएस आणि वेळ लिहून ठेवा. नारिंगी डबा दिसला तर उघडायचा प्रयत्न अजिबात नको. तो समुद्राच्या पाण्यातून निघालेला असेल तर गोड्या पाण्यात बुडवून ठेवलेला बरा, हवेत सुकला की आतला भाग लवकर गंजतो. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. विमान पडताना दिसलं तरी हेच दोन क्रमांक लावा. किनाऱ्यावरून कुठल्या दिशेला, कुठल्या खुणेच्या पलीकडे पडलं, एवढं नीट सांगा.